फोन बंद करू नका, पाळी ठरवा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. उत्तराआधी त्यातला मजकूर थोडक्यात मांडते, म्हणजे दुसऱ्या कुणी हे वाचलं तर त्यालाही संदर्भ लागेल.

तुमचं वय ३६. घर वाकडला, नोकरी हिंजवडीच्या फेज दोनमध्ये, क्लायंटची सिस्टिम बिघडली की दुरुस्त करणाऱ्या सपोर्ट टीमच्या लीड. टीममध्ये तुम्ही धरून सात जण, क्लायंट न्यूयॉर्कचा. सकाळी साडेनऊला स्टँड-अप, संध्याकाळी क्लायंटचा कॉल, आणि तो संपला की रात्री साडेअकरा-बारापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपचे चार ग्रुप. मिस्टर चाकणच्या कारखान्यात, त्यांच्या पाळ्या बदलत्या. मुलगी पहिलीत. रात्री झोपताना ती शाळेतलं काहीतरी सांगत असते. फोन थरथरला की ती आपणहून थांबते आणि तुम्ही बघून खाली ठेवला की जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू करते. रुसत नाही, तक्रार करत नाही. तिनं हे शिकून घेतलंय, हेच तुम्हाला लागलं. मग तुम्ही नऊनंतर फोन कपाटात ठेवायला लागलात. चौथ्याच रात्री मोठा बिघाड झाला, तुम्हाला तो सकाळी कळला, मॅनेजरनं सगळ्यांसमोर "लीड कुठं होती?" म्हणून विचारलं, आणि फोन परत उशाशी आला. आता तुम्ही विचारताय की मी फोनच्या आहारी गेलेय का, ही सवय मोडायची कशी, की सरळ नोकरीच बदलू?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. नाही. आहारी गेलेलं माणूस फोनमध्ये रमतं. रील्स बघता बघता दीड वाजतो आणि फोन काढून घेतला की चिडचिड होते. तुम्ही फोन कपाटात ठेवल्यावर काय झालं ते तुम्हीच लिहिलंय: झोप लागेना, सगळं लक्ष कपाटाकडे. हा कानोसा आहे. घरात आजारी माणूस असलं की शेजारच्या खोलीत झोपूनही आपण अर्धवट जागे असतो, तसा. आजाऱ्याजवळ रात्री कोण बसणार हे ठरलेलं नसलं की अख्खं घर अर्धवट जागं राहतं आणि सकाळी सगळेच पेंगुळलेले असतात. ते ठरलं की बाकीचे निवांत झोपतात. तुमच्या टीममध्ये ते ठरलेलं नाही.

मी पुण्यातच १५ वर्षं सॉफ्टवेअर प्रोजेक्ट सांभाळले, त्यातली बरीचशी सपोर्टची. मग मानसशास्त्र शिकले आणि गेली ११ वर्षं समुपदेशन करते. निम्मा वेळ एकेकट्या माणसांबरोबर, निम्मा कंपन्यांमधल्या टीमबरोबर. खराडी, मगरपट्टा, तळवडे, हिंजवडी, सगळीकडून येणारी माणसं 'स्क्रीन टाइम कमी कसा करू' हेच विचारत येतात. मला त्या आकड्याचा फारसा उपयोग होत नाही. रात्री फोन एकूण वीस मिनिटंच हातात घेतलेला असतो. पण ती वीस मिनिटं कधी येतील हे माहीत नसल्यामुळे सगळी संध्याकाळ हातची गेलेली असते.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत विल्यम बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाच्या वेळेनंतरच्या ईमेलवर अभ्यास मांडला. त्यात असं दिसलं की रात्री काम प्रत्यक्ष करावं लागलं नाही तरीही 'बघितलं पाहिजे' ही अपेक्षाच माणसाला अस्वस्थ करते, आणि त्याचा त्रास जोडीदारापर्यंत पोचतो. जर्मनीतल्या साबिने सोनेनटाग यांनी तर अनेक वर्षं हाच विषय लावून धरलाय. दुसऱ्या दिवशी ताजंतवानं वाटायला नुसतं ऑफिसातून उठून भागत नाही, मनानंही कामावरून उठावं लागतं. तुम्ही रोज घरी येता, पण कामावरून उठत नाही. कारण कुणी तुम्हाला 'आता सुट्टी' असं म्हटलेलंच नाही.

माझे वडील भोसरी एमआयडीसीत टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे, होते. गुरुवारची सुट्टी, त्या पट्ट्यात असते तशी. काम सोपं नव्हतं. कानांना कायमचा त्रास झाला, रात्रपाळीच्या आठवड्यात ते घरात असून नसल्यासारखे असत. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. पण पाळी संपताना ते काय करत हे मला तोंडपाठ होतं, कारण जेवताना त्यावर बोलणं व्हायचं. दुसऱ्या पाळीचा माणूस लेथपाशी आला की त्याला सांगायचं, कुठला जॉब अर्धा आहे, किती माप काढायचं राहिलंय, टूल कधी घासलंय, कूलंट कमी झालंय का. दोन-तीन मिनिटं. मग हात धुवायचे, कार्ड पंच करायचं आणि सायकल काढायची. त्यानंतर लेथ अडला तर तो दुसऱ्या पाळीच्या माणसाचा. लेथ चोवीस तास चालायचा, माणूस आठ तास.

आपल्या धंद्यानं चोवीस तास चालणारं यंत्र घेतलं आणि पाळी तेवढी सोडून दिली. कुणाचीच पाळी नसली की ती सगळ्यांची असते, आणि लीडची तर कायमचीच.

त्यात तुमच्या क्लायंटचं घड्याळ. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागं गेली की साडेसात, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेसहा. त्यांचा दिवस संध्याकाळी पाचला संपतो तेव्हा इथं रात्रीचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. त्यांच्या एका साध्यासुध्या कामाच्या दिवसावर आपली अख्खी संध्याकाळ आणि अर्धी रात्र पडते. यात कुणाचा दोष नाही. पण एवढा मोठा पट्टा एका माणसानं 'जरा लक्ष ठेवून' सांभाळायचा, हे गणितच चुकीचं आहे. ते नेटानं केलं तरी जमणार नाही.

आता त्या चौथ्या रात्रीकडे परत या. तुमचा फोन कपाटात होता. बाकी सहा जणांचे कुठं होते? त्यांच्या हातात किंवा उशाशी, चालू स्थितीत, त्याच ग्रुपवर. बिघाडाचा मेसेज त्यांतल्या काहींनी वाचलाही असेल. कुणी उचलला नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की दुसरा बघतोय, किंवा मॅडम बघतीलच. १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने या दोघांनी प्रयोग करून हेच दाखवलं होतं, की बघणारे जितके जास्त तितकी एकेकाची हलण्याची शक्यता कमी. 'लीड कुठं होती?' हा मॅनेजरचा प्रश्न त्यामुळं अपुरा होता. सात माणसांना रोज रात्री जागं ठेवूनही काम पडलेलंच राहिलं. विचारायचं ते 'त्या रात्री पाळी कुणाची होती?' हे. आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

तुम्हाला एक गोष्ट सांगते, माझ्या हातून घडलेली. माझ्या टीममध्ये सोलापूरकडचा एक मुलगा होता, कामाला चोख. एका रात्री पावणेबाराला मी त्याला मेसेज टाकला, "रिपोर्टमधला तो कॉलम बघितलास का?" मला उत्तर दुसऱ्या दिवशी हवं होतं. आठवलं तेव्हा टाकून दिलं, विसरायला नको म्हणून. दोन मिनिटांत उत्तर आलं, "हो मॅडम, लॅपटॉप उघडतो, पंधरा मिनिटं द्या." बाराच्या सुमारास दुरुस्त रिपोर्ट आला. मी 'थँक्स' लिहिलं आणि झोपले. दोन दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं की त्या रात्री त्याचे वडील आयसीयूत होते. त्यानं हॉस्पिटलच्या जिन्यात बसून, पॅसेजमधल्या सॉकेटला चार्जर लावून ते काम केलं होतं. त्यानं सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं, नुसतं काम विचारलं होतं. 'उद्या बघ' हे माझ्या मनात होतं, मेसेजमध्ये नव्हतं. त्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा मेसेज म्हटल्यावर थांबवत नाही." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

पुढं २०२१ मध्ये लॉरा जुर्गे आणि व्हॅनेसा बोन्स यांचं संशोधन वाचनात आलं, त्यात हेच मोजलेलं होतं. वेळेनंतर आलेल्या ईमेलला किती लवकर उत्तर द्यावं लागेल याचा अंदाज ईमेल मिळालेला माणूस पाठवणाऱ्यापेक्षा जास्त घाईचा लावतो. आणि पाठवणाऱ्यानं 'घाई नाही, सवडीनं बघ' एवढं स्पष्ट लिहिलं की तो ताण उतरतो. तुम्ही लीड आहात, म्हणून हे तुम्हालाच आधी सांगते. तुमच्या वर मॅनेजर आहे, तशा सहा जणांच्या वर तुम्ही आहात. रात्री सुचलेलं वहीत लिहा, नाहीतर मेसेज शेड्यूल करून सकाळी साडेनऊला जाऊ द्या. ही सोय जीमेलमध्ये २०१९ पासून आहे, आउटलुकमध्येही आहे. तुम्ही आजपासून रात्री पाठवणं थांबवलंत तर परवानगी कुणाची लागणार नाही, आणि सहा घरांत फरक पडेल.

आता करायचं काय. दोन आठवडे बाकी काहीच बदलू नका, फक्त एक शंभर पानी वही ठेवा. साडेसातनंतर आलेल्या प्रत्येक मेसेजची नोंद करा: वेळ, कुणाचा, कशाबद्दल. एक रकाना रिकामा सोडा आणि तो सकाळी चहा घेताना भरा: हे सकाळपर्यंत थांबलं असतं तर कुणाचं काय अडलं असतं? रात्री भरू नका, रात्री सगळंच महत्त्वाचं वाटतं.

खराडीतल्या एका टीमनं भरलेलं असं एक पान माझ्याकडे बरेच दिवस होतं. दहा वाजून दहा मिनिटांनी ऑनसाइटवाल्याचं, म्हणजे क्लायंटकडे बसणाऱ्या सहकाऱ्याचं, 'एनी अपडेट?'. दहा चाळीसला एकाचं 'गुड नाइट ऑल' आणि त्याखाली चार जणांचं तेच. अकराला मॅनेजरचा अंगठा, कशाला दिलेला ते कळत नव्हतं. अकरा वीसला सिस्टिमचा अलर्ट, डिस्क ८० टक्के भरली. त्यापुढं रिकाम्या रकान्यात टीममधल्या मुलीनं पेन्सिलनं लिहिलं होतं, 'रोज येतो. रोज बघते. पहाटे जुन्या फाइल आपोआप जातात आणि खाली येतो.' त्या पानावर खरंच रात्री उठून बघावं असं काही नव्हतं. तरी पाच माणसं साडेअकरापर्यंत कानोसा घेत बसली होती.

त्या अलर्टवर मुद्दाम थांबते, कारण सपोर्ट टीममध्ये झोप सर्वांत जास्त यानंच मोडते आणि याबद्दल कुणी बोलत नाही. जो अलर्ट रोज येतो आणि ज्यावर काहीच करावं लागत नाही, तो अलर्ट नाहीच. त्याची मर्यादा ८० वरून ९० वर न्या, किंवा तो सकाळच्या अहवालात टाका, किंवा बंद करा. यानं नुसती झोपच सुधारत नाही. खोट्या अलर्टची सवय झालेला माणूस एक दिवस खरा अलर्टही तसाच सरकवून देतो. तुमच्या वहीत असे दोन-तीन सापडतीलच. आधी ते दुरुस्त करून घ्या, त्याला कुणाची हरकत नसते.

मग 'तातडीचं' म्हणजे काय हे लिहून काढा, पाच ओळींत. क्लायंटचं काम पूर्ण ठप्प आहे, त्यांच्या ग्राहकांचे व्यवहार अडलेत, दुसरा मार्ग नाही. तुमच्याकडे पी-वनची, म्हणजे सर्वांत तातडीच्या बिघाडाची, व्याख्या करारात असेलच, ती काढून वाचा. बहुतेक टीमनी ती वर्षानुवर्षं उघडलेली नसते आणि पी-थ्रीसुद्धा पी-वनसारखं धावपळ करत सोडवत असतात. या व्याख्येत बसेल त्याच्यासाठी एकच दार ठेवा: फोन कॉल. मेसेज नाही, ग्रुप नाही, ईमेल नाही. कॉल आला तर उठायचं. बाकी ग्रुपवर काहीही येवो, ते सकाळचं. यानं काय होतं पाहा. कान थरथरीवरून हटतो. तुम्हाला फोन वाजेल याची खात्री असते, म्हणून तो सारखा उचलून बघावा लागत नाही.

आणि तो फोन कुणाचा वाजेल, हे तारखेनिशी ठरलेलं पाहिजे. सात जणांत आठवडा वाटला तर एकेकाची पाळी सात आठवड्यांतून एकदा येते. आठवडा जड वाटत असेल तर रात्री वाटा. लहान मुलं असलेल्यांना आणि घरात आजारी माणूस असलेल्यांना सलग आठवड्यापेक्षा सुट्या रात्री बऱ्या पडतात असा माझा अनुभव आहे. पहिला माणूस आणि त्याच्या मागं दुसरा. पहिल्यानं पंधरा मिनिटांत उचललं नाही तर कॉल दुसऱ्याकडे. मॅनेजर तिसरा. तुमचं नाव त्या यादीत इतरांइतक्याच वेळा, लीड म्हणून रोज नाही. ज्याला रात्री उठावं लागलं तो दुसऱ्या दिवशी उशिरा येईल, किंवा कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, घेईल, हे त्याच कागदावर लिहा. ऑन-कॉलचा, म्हणजे रात्री फोनवर हजर राहण्याचा, भत्ता मागता आला तर मागाच. पाळीचे पैसे मिळतात म्हटलं की ती पाळी आहे हे दोन्ही बाजूंना मान्य होतं.

तुम्ही म्हणाल, ज्युनियर मुलांना एकट्यानं जमणार नाही. आज नसेल जमत. त्यासाठी माझ्या बाबांची पाळी सोपवतानाची ती तीन मिनिटं. रोज संध्याकाळी निघताना ग्रुपवर चार ओळी: काय चालू आहे, काय अर्धं आहे, रात्री काय बिघडू शकतं, बिघडलं तर आधी काय करायचं. आणि दर वेळी रात्री कुणाला तुम्हाला उठवावं लागलं तर दुसऱ्या दिवशी त्यानं आणि तुम्ही मिळून ते कसं सोडवलं याचं एक पान लिहायचं. ज्युनियर पोरं पानं वाचून उभी राहतात. ही पानं नसतात तिथं सगळं ज्ञान एका लीडच्या डोक्यात असतं, आणि मग ती लीड बाळंतपणाच्या रजेवरूनही कॉल घेत असते. असं मी पाहिलंय.

ही कल्पना सपोर्टपुरती नाही. हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमधल्या सल्लागारांवर प्रयोग केला होता, त्याचा लेख २००९ मध्ये आला. आठवड्यातली एक ठरलेली रात्र प्रत्येकाला पूर्ण मोकळी, सहानंतर फोन-ईमेल काही नाही. सुरुवातीला त्या लोकांनीच विरोध केला, आपल्यावाचून अडेल असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात एकाची रात्र मोकळी ठेवायची तर त्याचं काम दुसऱ्याला माहीत असावं लागतं, म्हणून ते एकमेकांशी जास्त बोलायला लागले आणि काम सुधारलं. तुमच्याकडेही हेच होईल असं मला मनापासून वाटतं.

मॅनेजरशी बोलताना 'वर्क-लाइफ बॅलन्स' हा शब्द त्या खोलीत काढू नका. तो ऐकला की समोरच्याला वाटतं हिला काम कमी करायचंय. वही घेऊन जा. म्हणा, "सर, दोन आठवड्यांत रात्री इतके मेसेज आले, त्यातले खरोखर रात्रीचे इतके. आम्ही सात जण बघत होतो आणि तरी त्या दिवशीचा बिघाड नजरेतून सुटला. तसं परत होऊ नये म्हणून मी पाळ्यांचा रोस्टर केलाय. एक महिना चालवून बघूया का?" तुम्ही सवलत मागत नाही, त्यांच्याच तक्रारीचा उपाय देताय. आणि एक महिनाच मागा, कायमचं मागू नका. महिन्यानंतर बंद करायला कुणी पुढं येत नाही. क्लायंटची भीती तर बहुतेक वेळा आपल्याच मनात असते. त्याला सात जणांचा ग्रुप नको असतो. या रात्री कुणाला फोन लावायचा, एक नाव आणि एक नंबर, हे त्याला हवं असतं.

फोनची मांडणी त्यानंतरची, आणि ती पाच मिनिटांची. पाळी नसलेल्या रात्री डू नॉट डिस्टर्ब लावा. आई-वडील, मिस्टर, शाळा, आणि टीममधला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस, एवढ्यांचे कॉल त्यातून येऊ द्या. अँड्रॉइडवर एकच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर तो वाजू देण्याची सोय असते, ती चालू ठेवा. चारही ग्रुप कायमचे म्यूट. ब्लू टिक बंद करून ठेवल्या तरी हरकत नाही. ऑफिसची अ‍ॅप वर्क प्रोफाइलमध्ये असतील तर ते प्रोफाइल एका बटणानं थांबवता येतं. हे सगळं मी शेवटी सांगतेय याचं कारण असं, की रोस्टर नसताना या सेटिंग केल्या तर त्या म्हणजे तुमचं कपाटच.

घरातलं. संध्याकाळी पाचला निघून मुलीला बागेत नेणं आणि रात्री नऊ ते दहा लॅपटॉप उघडणं, हे तुम्हाला सोयीचं असेल तर खुशाल करा. काम आणि घर यांच्यामध्ये भिंतच हवी असं नाही. कित्येक बायकांची नोकरी या लवचीकपणामुळेच टिकली आहे, आणि तो फोननंच दिलाय. फक्त ते नऊ ते दहा ठरलेलं असू दे, दहाला संपू दे. काही जणांना अशी सरमिसळ मानवते, काहींना अजिबात नाही. तुम्ही कुठल्या, ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या मिस्टरांना चाकणला पाळी म्हणजे काय हे रोज कळतं, तेव्हा हा रोस्टर त्यांना समजावून सांगावा लागणार नाही. त्यांच्या पाळ्या आणि तुमच्या ऑन-कॉलच्या रात्री एकाच कागदावर लिहून फ्रीजवर लावा. त्यांची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात तुमची पाळी नको, एवढं टीममध्ये अदलाबदल करून साधतं. आणि मुलीला तो कागद वाचता येतो. बाणेरच्या एका घरात मी पाहिलंय, सहा वर्षांच्या मुलानं आईच्या पाळीच्या तारखांवर स्वतः लाल गोल केले होते. त्या रात्री फोन वाजला की तो म्हणायचा, "जा, आज तुझी आहे." आणि गोल नसलेल्या दिवशी आईचा हात फोनकडे गेला की कागदाकडे बोट दाखवायचा. तुमच्या मुलीला थांबायला शिकवलंय कुणी नाही, ते ती स्वतःच शिकली. कधी थांबावं लागणार नाही, हेही तिला कळू द्या.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण लोक विचारतात. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क देणारा कायदा भारतात नाही. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराचं) मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. पण खासगी विधेयक शेवटचं मंजूर झालं ते १९७० मध्ये, तेव्हा त्याची वाट बघत बसू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली गेली. पण व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षणाच्या पदांना त्यातून वगळलंय, म्हणजे 'लीड' म्हणून तुमचा आधार कच्चाच. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना या विषयावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क आहे, आणि तिथं नकार वाजवी होता का हे ठरवताना संपर्काचं कारण काय होतं आणि त्या वेळी उपलब्ध राहण्याचा मोबदला मिळत होता का, हेही बघतात. म्हणजे फिरून तोच प्रश्न येतो, पाळी कुणाची होती आणि तिचे पैसे दिले होते का.

एक काळजीचं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. वहीत तुमचे तासही लिहा. पहाटे तीनला जाग येऊन परत झोप न लागणं, छातीत धडधड, कशातच मन न लागणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर रोस्टरची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

नोकरी बदलायची का? आत्ता नाही. वही दोन आठवडे, रोस्टर एक महिना. एवढं करूनही मॅनेजर म्हणाले की 'रोस्टर ठीक आहे, पण तुम्ही लीड आहात, तुम्ही रोज बघायचंच', तर मात्र शोधायला लागा, कारण मग अडचण तुमच्या सवयीत नाही आणि तुमच्या टीममध्येही नाही. फक्त नव्या ठिकाणी पगार आणि घरून कामाचे दिवस विचारून थांबू नका, नाहीतर हिंजवडीच्या वाटेवरच्या भुमकर चौकातली गर्दी तेवढी बदलेल. मुलाखतीच्या शेवटी 'काही विचारायचंय?' असं म्हणतात तेव्हा विचारा, "रात्री दोनला सिस्टिम बंद पडली तर पहिला फोन कुणाला जातो?" 'आमच्याकडे सगळेच खूप कमिटेड आहेत, कुणीही उचलतं' असं उत्तर आलं तर ते तुमच्या आत्ताच्याच टीमचं उत्तर आहे. समोरच्यानं लॅपटॉप फिरवून या महिन्याचा तक्ता दाखवला, नावं आणि तारखांसकट, तर पुढची बोलणी करा.